रंगरुटाच्या घरी

ज्याच्यावर आपला जीव आहे त्याला क्लेश होताना दिसले की त्यातून त्याला सोडविण्यास धावावे, हा प्रेमाचा पहिला आणि सर्वांत सोपा धर्म होय. सोपा अशासाठी की त्यात विचार करावा लागत नाही. परंतु ते क्लेश त्याने आपण होऊन पत्करलेले असतील, आणि ते सोसल्यावाचून त्याचे योजिलेले कार्य सिद्धीस जाणार नसेल, तर प्रेम करणाराने काय करावे? हा प्रश्न आमच्यापुढे ग्रंथातून आला नाही. तो एका रात्री, दूरच्या एका लष्करी शिक्षणकेंद्रातून आलेल्या फोनवरून आला.

आमचे गाव राजुरा. वर्धा नदीच्या दक्षिणेचा हा तालुका पूर्वी हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात असे. १९५६ साली तो नांदेडास जोडला गेला आणि १९५९ साली चांद्यास आला. इकडे कापूस आहे, सोयाबीन आहे, सास्तीची कोळशाची खाण आहे, गडचांदुराकडे सिमेंटचे कारखाने आहेत, आणि त्यांच्या पलीकडे रान आहे. फौजेची परंपरा मात्र नाही. साताऱ्याकडे अपशिंगे नावाचे गाव आहे. तेथून इतके लोक लष्करात गेले की गावाच्या नावापुढेच 'मिलिटरी' हा शब्द जोडला गेला. तसल्या गावातील आजीला नातू रंगरूट झाला म्हणजे काय बोलावे व काय बोलू नये, हे कोणी शिकवावे लागत नसेल. आमच्याकडे पोलिसांची भरती लोकांना ठाऊक आहे. गडचिरोलीत १९९० पासून सी-६० पथकही आहे. बल्लारपूरच्या वाटेवर भिवकुंड येथे २०१९ साली सैनिक शाळा निघाली. पण पलटणीतल्या मुलाचे घर कसे असावे, हे सांगणारा वडीलधारा आमच्या आळीत एकही नव्हता.

आमचा भाचा दोन वर्षे पहाटे गडचांदूर रस्त्यावर धावला. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांच्या आत धावल्यास पूर्ण गुण, हे आमच्या घरातील लहान मुलांनाही पाठ झाले होते. २०२२ साली सुरू झालेल्या अग्निपथ योजनेत त्याची निवड झाली, आणि त्याच संध्याकाळी घरात हिशेब झाला. पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये, त्यांतील तीस टक्के ठेवीत. चार वर्षांनी व्याजासह सुमारे ११.७१ लाख, त्यानंतर नोकरीत कायम राहणार ते शेकडा पंचवीसपर्यंत. ताईच्या धाकट्या मुलीचे लग्न, विहिरीचे राहिलेले बांधकाम, जुने कर्ज, सर्व काही त्या आकड्यात बसविण्यात आले. हिशेब करणारांत आम्हीही होतो, हे येथे लपवीत नाही. मुलगा कोपऱ्यात बसून ऐकत होता, एवढे तेव्हा आमच्या लक्षात आले नाही.

पाचव्या आठवड्यात तो फोन आला. "मामा, मला घेऊन जा," एवढेच तो म्हणाला. ताईने फोन ओढून घेतला आणि "ये रे बाबा, आत्ताच्या आत्ता ये," असे म्हणून ती रडू लागली. भाऊजी म्हणाले, "गावात तोंड दाखवायला जागा ठेव." आणि आम्ही, घरातील सुशिक्षित म्हणविणारे, त्याला अर्जुनाचा मोह सांगितला, मावळ्यांचा धीर सांगितला. तो "हो" म्हणाला, आणि फोन बंद झाला. त्या एका "हो"मध्ये आमच्या व्याख्यानाची जी किंमत होती ती आम्हांस पुढे तीन आठवड्यांनी कळली.

आपल्याकडे असल्या प्रसंगी विदुलेचा दाखला देण्याची रीत आहे. सिंधुराजाकडून पराभूत होऊन हताश पडलेल्या मुलाला ती तीक्ष्ण शब्दांनी उठविते. कुंतीने हीच कथा कृष्णाच्या मुखाने युधिष्ठिराकडे पाठविली. ही कथा उद्योगपर्वात आहे, आणि दाखला देणारे तिचा पूर्वार्धच सांगतात. पण विदुला नुसते खडसावून थांबत नाही. मुलगा साधनांची अडचण सांगू लागतो तेव्हा, आपल्यापाशी इतरांस ठाऊक नसलेला कोश आहे आणि संकटात साथ देणारे सुहृद आहेत, असे ती त्याला सांगते. शिवाय मुलगा हरला तर ती स्वतःही बुडणार होती. आम्ही पंख्याखाली बसून धैर्याचा उपदेश करीत होतो. आमचे त्यात काहीच बुडत नव्हते. शब्द विदुलेचे घेतले, कोश मात्र दिला नाही.

लष्करी शिक्षण म्हणजे कवायत आणि बंदूक एवढेच नव्हे. प्रथम केस उतरवितात, नंबर देतात, निजणे, जेवणे, उठणे शिट्टीवर आणतात. एकाच्या चुकीबद्दल सबंध तुकडी पळते. यात क्रौर्य पाहणारे आहेत, पण हेतू उघड आहे. ज्याच्या शेजारी उद्या खंदकात पडून राहावयाचे त्याला भाऊ मानावयास शिकणे, हे घराची दोरी थोडी सैल झाल्यावाचून होत नाही. म्हणून रंगरुटाच्या आईबापांचे खरे दुःख मुलाच्या कष्टांचे नसून आपली गरज कमी होत आहे याचे असते, असे आमचे मत झाले आहे. ताईचे "ये" आणि भाऊजींचे "तोंड दाखवायला जागा ठेव" ही दिसण्यात विरुद्ध, पण दोन्हींत मुलगा घराच्याच मालकीचा राहतो: एकीत मायेचा विषय म्हणून, दुसरीत अब्रूचा.

आता आमच्या अपराधाकडे येतो. त्याच महिन्यात आजी अत्यवस्थ होती. चंद्रपुरास तिला अकरा दिवस ठेवावे लागले. मुलाचे मन विचलित होऊ नये म्हणून आम्ही सर्वांनी मिळून ही गोष्ट लपविली. रविवारी फोन आला की "आजी झोपली आहे," असे सांगत असू. अशा लपवालपवीला मोठी परंपरा आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढणाऱ्या हिंदी शिपायांची पत्रे सरकारी तपासनीस उघडून वाचीत. शिपाई मग मिरीच्या रंगांसारख्या सांकेतिक शब्दांनी आपले हाल घरी कळवीत. तेथे निदान मधे एक सरकार होते. आमच्या घरी तपासनीसाचे काम प्रेमानेच पत्करले होते.

भाच्याला आजीचे वर्तमान शेजारच्या मुलाकडून कळले. पुढच्या फोनवर तो रागावला नाही. तोही "सर्व ठीक आहे" म्हणू लागला. आणि दोन आठवड्यांनी कळले की त्याच्या नडगीच्या हाडाला बारीक चीर गेली होती. धावपळीच्या शिक्षणात रंगरुटांस अशी इजा होणे नवलाचे नाही, आणि वेळीच सांगितली तर विश्रांतीने ती बरी होते. त्याने ती कोणालाच सांगितली नव्हती. ज्या घरात दुःख सांगितले की मोह ठरतो आणि वाईट वर्तमान झाकणे हीच माया ठरते, त्या घरचा तो मुलगा. शिकविले तेच त्याने केले. तो काही आठवडे मागच्या तुकडीत टाकला गेला. यात केंद्राचा दोष आम्हांस दिसत नाही. दिसला तो आमच्याच ओसरीवर.

म्हणून असत्याने धीर देता येतो काय, या प्रश्नाचे आमचे उत्तर आता 'नाही' असे आहे, जरी त्याविरुद्ध पुष्कळ बोलता येते हे आम्ही जाणतो. प्रत्येक किरकोळ गोष्ट कळवून मुलास बेजार करावे, असे नव्हे. विहिरीचा पंप बिघडला हे त्याला कळण्याचे कारण नाही. पण ज्या गोष्टीबद्दल तो पुढे "मला का सांगितले नाही?" असे विचारील, ती त्याची आहे, ती रोखून धरण्याचा आम्हांस अधिकार नाही. साताऱ्याच्या स्वाती महाडिक यांचे पती कर्नल संतोष महाडिक २०१५ साली कुपवाड्यात धारातीर्थी पडले, आणि २०१७ साली त्या स्वतः चेन्नईच्या प्रबोधिनीतून अधिकारी होऊन बाहेर पडल्या. तेथे शिक्षण घेणारी आई होती आणि वाट पाहणारी दोन मुले होती. मुलांना सत्य झेपत नाही, असे म्हणण्यापूर्वी आम्हांस ती दोघे आठवतात.

पुढील महिन्यांत फोनवरचे बोलणे बदलले. उपदेश बंद झाला. पाय कसा आहे, झोप किती मिळते, शेजारच्या खाटेवर कोण आहे, असे आम्ही विचारू लागलो. लातूरकडच्या त्या शेजाऱ्याची माहिती आम्हांस इतकी झाली की ताईने त्याच्यासाठीही तिळाचे लाडू पाठविले. हिशेबाची वही भाऊजींनी स्वतःच कपाटात टाकली. एकदा मुलाने विचारले, "चार वर्षांनी मला परत पाठवले तर?" भाऊजी बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "तर घर आहे." आम्ही केलेल्या सर्व भाषणांत हे एक वाक्य नव्हते.

कसम परेडला ताई आणि भाऊजी गेले. अलीकडे त्या दिवशी आईबापांच्याही छातीवर गौरव पदक लावतात. ताईने ते प्रवासभर पदराखाली झाकून आणले, कारण आपण ते मिळविले असे तिला वाटत नव्हते. रजेवर आलेला मुलगा दुसऱ्या दिवशी पहाटे चारलाच उठला आणि आपले अंथरूण चौकोनी घडी घालून ठेवून बसला. ताई ते दारातून पाहत राहिली. घडी मोडून पुन्हा घालण्याचा मोह तिने आवरला. आजी तोवर काठीने चालू लागली होती. तिने त्याला जवळ बसवून घेतले आणि दुखत होते ती जागा विचारली. त्याने पँट वर करून गुडघ्याच्या खाली चार बोटांवर हात ठेवला.