बटण दाबणारा माणूस

बोरिवलीहून गोराईची खाडी ओलांडताना ग्लोबल विपश्यना पॅगोड्याचं सोनेरी शिखर दिसू लागतं. २००९ साली खुल्या झालेल्या या वास्तूच्या दगडी घुमटाला आत एकही खांब नाही, आणि त्याखाली सुमारे ८,००० साधक बसू शकतात. विपश्यनेचे आचार्य सत्यनारायण गोयंका २०१३ मध्ये गेले, तरी इथे शिकवणारा आवाज आजही त्यांचाच आहे. सूचना, पठण, संध्याकाळचं प्रवचन, सगळं ध्वनिमुद्रित. सहायक आचार्य समोर बसतात आणि ठरलेल्या वेळी ते लावतात. ही रीत गोयंकांच्या हयातीतच, १९८०च्या दशकात रुळली. आता ॲम्प्लिफायर, मिक्सर, प्रोजेक्टर नेटवर्कला जोडले की दुसऱ्या गावातून चालवता येतात. मग अंधेरीतल्या एखाद्या खोलीतून देशभरच्या ध्यानकक्षांत तो आवाज एकाच क्षणी सुरू केला तर बिघडलं काय? माझ्या मते बिघडतं, आणि ते धर्माच्या दृष्टीने बिघडतं.

आवाज दुरून येतो, ही माझी तक्रार नाही. गुरू समोर असलाच पाहिजे असं आपल्या परंपरेनेही कधी मानलं नाही. तुकोबांना बाबाजी चैतन्यांचा उपदेश स्वप्नात झाला, आणि वारकऱ्यांना त्यात काही उणं वाटलं नाही. बुद्धवचनं तर लिहिली जाण्याआधी कित्येक पिढ्या भिक्खूंच्या पाठांतरावरच टिकली. विपश्यनेत गुरूच्या स्पर्शाने किंवा कृपेने काही मिळत नाही. श्वास आणि संवेदना ज्याच्या त्यानेच पाहायच्या असतात. त्यामुळे ध्वनिमुद्रित आवाज तिथे पुरतो. पण आवाज कुठून येतो हा एक प्रश्न, आणि तो कोण, कोणाकडे पाहून सुरू करतो हा दुसरा. या दोहोंची गल्लत झाली की दूरनियंत्रण निव्वळ सोयीची बाब वाटू लागतं.

दहा दिवसांच्या शिबिरात चौथ्या दिवशी विपश्यना दिली जाते आणि त्यानंतर अधिष्ठानाच्या बैठका सुरू होतात. तासभर हात-पाय हलवायचे नाहीत, डोळे उघडायचे नाहीत असा संकल्प साधक करतो. गुडघे पेटलेले असतात, आणि शेवटचं पठण कधी सुरू होतं याकडे कान लागलेला असतो. अशा तासाचा आरंभ आणि शेवट ज्याच्या हाती आहे, त्याचा त्या शरीरांवर अधिकार चालतो. बुद्धाने कर्म ओळखलं ते चेतनेवरून, म्हणजे करणाऱ्याच्या हेतूवरून. ज्याला समोरचा माणूस दिसतच नाही, त्याचा हेतू त्या माणसाविषयी असेल कसा? तो फार तर वेळापत्रकाविषयी असेल.

कोणी म्हणेल, कक्षात कॅमेरे बसवा. कॅमेरा दाखवील हे खरं. पण एखाद्याला रडू फुटलं, कोणी घाबरून उठू लागलं, तर पडद्यापाशी बसलेल्याला जागेवरून उठून त्याच्याजवळ जाता येत नाही. पाहण्याला उठण्याची जोड नसेल तर ती निव्वळ पाळत होते. याहून अवघड आक्षेप पॅगोड्याचाच आहे: हजारोंच्या सभेत समोरचा आचार्य तरी कोणाकोणाकडे पाहणार? हा आक्षेप मला मान्य आहे. पण त्या घुमटाखालची एकदिवसीय शिबिरं आधी दहा दिवस पूर्ण केलेल्यांसाठीच असतात. जुन्या साधकांना सामूहिक बैठकीसाठी ऑनलाइन जमता येतं. नवख्याला पहिलं शिबिर घरबसल्या दिलं जात नाही, त्याला केंद्रावर यावंच लागतं, आणि तिथे आचार्यांना प्रत्यक्ष भेटून प्रश्न विचारता येतात. परंपरेने ही रेघ यंत्राच्या ताकदीकडे पाहून ओढलेली नाही, साधकाची तयारी पाहून ओढली आहे, आणि मला ती योग्य वाटते.

या रेघेचा कस लागतो तो शाळांत. राज्य शासनाच्या मित्र उपक्रमातून मुलांना आनापान, म्हणजे श्वासाकडे लक्ष देणं, शिकवलं जातं, आणि तिथेही ध्वनिमुद्रित सूचना असतात. मुख्याध्यापकांच्या खोलीतून सगळ्या वर्गांत एकदम आवाज सोडणं सोपं आहे. पण दहा मिनिटांच्या त्या सरावात एखादं मूल मध्येच डोळे उघडतंच. सूचना वर्गातल्या बाईंनी लावलेल्या असतील तर त्याला बाई दिसतात. खालच्या खोलीतून लागल्या असतील, तर भिंतीवरचा स्पीकर.