केले, करविले, अनुमोदिले

आपल्यात पापपुण्याचा हिशेब तीन वह्यांत मांडतात. स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करविलेले, आणि दुसऱ्याने केले त्याला मनातून संमती दिलेले. कृत, कारित, अनुमोदना. स्वाध्यायात हे शब्द कितीदा कानांवरून गेले असतील! पण मधला शब्द मला उमगला तो टेनिसची मॅच बघताना. हसू नका, सांगते.

७ जुलै २०१३. विम्बल्डनची अंतिम फेरी. मुलाने टी.व्ही.चा ताबा घेतलेला, मी तिथेच बसून भाजी निवडत होते. अँडी मरेने जोकोविचला सरळ तीन सेटमध्ये हरवले. फ्रेड पेरी १९३६ मध्ये जिंकला होता. त्यानंतर ७७ वर्षांनी ब्रिटनच्या पुरुषाने एकेरीचे हे विजेतेपद मिळवले. लोक वेडे झाले होते. कॅमेरा मरेच्या प्रशिक्षकाकडे, इव्हान लेंडलकडे वळला, तर त्याचा चेहरा आपला ठोकळ्यासारखा!

"याला आनंद होत नाही का रे?" मी विचारले.

"आई, तो असाच असतो. आणि तो स्वतः इथे कधीच जिंकला नाही," मुलगा म्हणाला.

मग त्याने मला सगळे सांगितले. लेंडल मूळचा चेकोस्लोव्हाकियातला. आठ ग्रँड स्लॅम जिंकला, २७० आठवडे अव्वल राहिला. पण विम्बल्डनच्या अंतिम फेरीत १९८६ आणि १९८७, दोन्ही वेळा हरला. १९९० मध्ये तर हिरवळीवर सराव मिळावा म्हणून, आधी तीनदा जिंकलेली फ्रेंच स्पर्धाच त्याने सोडली. तरीही उपांत्य फेरीतून परतला. आणखी एक गोष्ट. ग्रँड स्लॅमच्या पहिल्या चारही अंतिम फेऱ्या तो हरला होता. मरेचेही नेमके तसेच. त्यातली चौथी हार, २०१२ च्या विम्बल्डनची, लेंडल प्रशिक्षक असतानाची. तेव्हा मरे मैदानावरच रडला. चार आठवड्यांनी त्याच कोर्टवर त्याने ऑलिम्पिकचे सुवर्ण जिंकले आणि सप्टेंबरात अमेरिकन ओपन.

त्या काळी ग्रँड स्लॅमचा सामना चालू असताना प्रशिक्षकाने खाणाखुणासुद्धा करायच्या नसत. शिकवायचे ते आधी. नंतर फक्त बघत बसायचे.

आता प्रश्न असा, की २०१३ चा तो विजय कोणाचा? चषकावर नाव मरेचे. लेंडलच्या खात्यात विम्बल्डन नाही ते नाहीच. पण 'कारित' म्हणून त्याचा वाटा मानायचा, तर २०१२ च्या हारेतही तो मानावा लागेल. करविणाऱ्याला फक्त जमेची बाजू उचलता येत नाही. लेंडल दोन्ही वर्षी त्याच जागी बसला होता.

हे मनात आले आणि हातातली मेथी हातातच राहिली. माझी मुलगी दहावीला शाळेत पहिली आली, तेव्हा मी आख्ख्या गल्लीत सांगत सुटले होते, "आम्ही पहिल्या आलो." पुढे तिला एम.ए. करायचे नव्हते. "आई, एम.ए. तुला करायचं होतं," ती म्हणाली होती. खोटे नव्हते ते. बी.ए. झाले आणि माझे लग्न झाले, पुढचे राहिलेच. मी हट्टाने तिला एम.ए.ला घातले. सेकंड क्लास मिळाला. तेव्हा मात्र मी म्हणाले, "तुझा अभ्यास कमी पडला." पेढे वाटताना 'आम्ही' आणि गुण कमी पडले की 'तू'! कसली ही वहीची मांडणी?

आपले राहिलेले मुलांकडून करवून घ्यावे असे वाटणे हे पाप आहे, असे मी म्हणत नाही. आपल्याला जमले नाही त्यातूनही आपण काही शिकलेलो असतो, ते द्यावे. लेंडलजवळ चार हारांचा अनुभव होता, म्हणून मरेची अवस्था त्याला सांगायला लागली नसेल. पण देताना एवढे विचारावे, की समोरच्याला तिथे जायचे आहे का? मरेला विम्बल्डन हवे होते. तो स्वतः लेंडलकडे गेला होता. माझी मुलगी माझ्याकडे आली नव्हती.

हे कळूनही तिच्यापाशी बोलायला मला कितीतरी वर्षे लागली. परवा फोनवर एकदाचे सांगितले, "तुझ्या त्या सेकंड क्लासमध्ये माझाही वाटा होता ग."

ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "मग पेढे वाटायचे राहिलेत आई, तेवढे वाटून टाक."