लेखणीचें घर

परवां आमच्या श्रीपुरांतील एका शेजाऱ्यांची कन्या आमच्याकडे एक प्रश्न घेऊन आली. गळिताच्या हंगामांत मराठवाड्यांतून येथें ऊसतोडीसाठीं जीं कुटुंबें येतात, त्यांतील कांहीं मुलांना ती सायंकाळीं शिकविते. या अनुभवांवर नियमानें लिहावें व तें महाजालावर प्रसिद्ध करावें, अशी तिची इच्छा आहे. अशा लेखनाला कोणी अनुदिनी म्हणतात. बहुतेक लोक ब्लॉगच म्हणतात. तिचा प्रश्न एवढाच होता : "काका, फुकट मिळते त्या जागेंत लिहूं, कीं पैसे भरून स्वतःची जागा घेऊं?"

प्रश्न व्यवहाराचा दिसतो, परंतु त्याच्या पोटांत एक जुना नैतिक प्रश्न दडलेला आहे. ज्याच्या घरांत बसून आपण बोलतों त्याचे आपण किती मिंधे होतों? आणि आपले शब्द ऐकावयास जे येतात, त्यांचें आपण कांहीं देणें लागतों कीं नाहीं?

मराठी लेखणी पुष्कळदां दुसऱ्याच्या ओसरीवरच बसलेली आहे. गोपाळ हरि देशमुख यांनीं १८४८ पासून 'लोकहितवादी' या नांवानें जीं शतपत्रें लिहिलीं, तीं भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर' पत्रांत प्रसिद्ध झालीं. पत्र दुसऱ्याचें होतें म्हणून त्यांतील विचारांची धार बोथट झाली नाहीं. १८७४ त विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं 'निबंधमाला' काढली आणि सात वर्षांत तिचे ८४ अंक बहुतांशीं एकहातीं लिहिले. एका माणसानें स्वतःच्या जबाबदारीवर, आपल्याला महत्त्वाच्या वाटतील त्या विषयांवर अंकामागून अंक लिहीत जावें, हेंच आजच्या अनुदिनीचें पूर्वरूप नव्हे काय? गोपाळ गणेश आगरकर हे १८८१ त निघालेल्या 'केसरी'चे पहिले संपादक. सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर सहकाऱ्यांशीं मतभेद झाल्यावर त्यांनीं १८८७ त तें पद सोडलें आणि पुढच्याच वर्षीं 'सुधारक' सुरू केलें. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं १९२० त 'मूकनायक' काढलें तें तर याहून मोठ्या गरजेनें. इतरांच्या पत्रांत अस्पृश्यांच्या दुःखाला पुरेशी जागा नव्हती, म्हणून स्वतंत्र पत्र हवें, हें त्यांनीं पहिल्याच अंकांत सांगितलें.

या उदाहरणांवरून आम्ही असें समजतों कीं, दुसऱ्याची ओसरी मुळांतच वाईट नसते. परंतु तेथून उठावें लागलें तर उठतां यावें, एवढी सोय लेखकानें ठेविली पाहिजे. आगरकर उठले, कारण त्यांची लेखणी त्यांच्याबरोबर उठूं शकत होती.

यावर कोणी म्हणेल, आजच्या फुकट जागेंत संपादकच नाहीं. मग मिंधेपणा कसला? आक्षेपांत तथ्य आहे. १९९९ त ब्लॉगर ही सोय निघाली आणि १८७४ त ज्यासाठीं छापखाना, कागद व वर्गणीदार लागत होते, तें काम कोणाहि मनुष्याला अर्ध्या तासांत करतां येऊं लागलें. ज्यांच्या हातीं पैसा नव्हता त्यांच्या हातीं यामुळें लेखणी आली, हें उपकार आम्ही नाकारीत नाहीं. परंतु संपादक नसला तरी मालक असतो, आणि त्याचा हिशेब आपल्या लेखनावर नव्हे, आपल्या वाचकांना दाखवावयाच्या जाहिरातींवर चालतो. तो हिशेब जुळेनासा झाला कीं दार बंद होतें. जिओसिटीज हें अशा मोफत पानांचें मोठें वसतिस्थान १९९४ त सुरू झालें, १९९९ त याहू कंपनीनें तें विकत घेतलें आणि २००९ च्या ऑक्टोबरांत बंद केलें. हौसेनें लिहिणाऱ्या असंख्य लोकांचीं पानें तेथें होतीं. स्वयंसेवकांनीं धांवपळ करून त्यांतील पुष्कळ भाग उतरवून घेतला. तेव्हां कोठें तो वांचला.

याचा चटका आम्हांसहि बसलेला आहे. आमच्या मातोश्रींच्या मुखांतील जात्यावरच्या ओव्या आम्हीं त्यांच्या अखेरच्या वर्षांत लिहून घेतल्या व एका मोफत स्थळावर ठेविल्या. आतां त्या सर्व जगाच्या झाल्या, अशा समाधानांत आम्हीं मूळ कागदहि जपले नाहींत. पुढें तें स्थळ बंद झालें. तशी सूचना आली होती. आम्हीं ती वाचली नाहीं. आज त्यांतील जेमतेम चाळीस ओव्या उरल्या आहेत, आणि त्याहि एका शेजारीणबाईंनीं आपल्या वहींत उतरून घेतल्या होत्या म्हणून. दोष स्थळाच्या मालकाचा किती आणि आमच्या आळसाचा किती, हा हिशेब आम्हीं पुष्कळदां मांडून पाहिला. प्रत्येक वेळीं आमचीच बाजू जड भरली.

याच्या उलट दुसरें उदाहरण आहे. हेमा रायरकर आणि गी पॉइटवाँ यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. ते दोघेहि आज हयात नाहींत. परंतु तो संग्रह नीट नोंदलेला व हस्तांतर करण्याजोगा होता, म्हणून तो ग्रामीण भारताच्या 'पारी' या संग्रहालयाच्या हातीं जाऊं शकला आणि २०१७ पासून तेथें वाचतां-ऐकतां येतो. ओव्या त्याच जातीच्या. फरक घराच्या श्रीमंतीचा नव्हता, जपणुकीचा होता.

मग स्वतःची जागा घ्यावी काय? येथेंहि भ्रम नको. पैसे भरून घेतलेली जागा म्हणजे दुसऱ्याच्या यंत्रावर भाड्यानें मिळालेला कोपराच. स्थळाचें नांवसुद्धां कायमचें विकत मिळत नाहीं. मुदतीमागून मुदत त्याचें शुल्क भरावें लागतें. महाजालावर प्रायः सगळेच भाडेकरू आहेत. तरी नांव आपण नोंदविलेलें असलें, तर जागा बदलली तरी पत्ता बदलत नाहीं, आणि वाचकाला बंद दारावरून परत जावें लागत नाहीं. तें नांव आतां देवनागरींतहि घेतां येतें, '.भारत' ही सोय २०१४ त झाली.

आमचें श्रीपूर हें १९३४ त स्थापन झालेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटच्या कारखान्याभोंवतीं वाढलेलें गांव. म्हणून उसाचाच दाखला देतों. तोडलेला ऊस शेतकऱ्याला घरांत ठेवतां येत नाहीं. वेळेवर गाळला नाहीं तर त्यांतील साखर घटूं लागते. कारखाना दुसऱ्याचा असला तरी ऊस तेथें पाठविलाच पाहिजे. परंतु शेतकरी ऊस पाठवितो, बुडखा पाठवीत नाहीं. तो शेतांत राहतो आणि त्यालाच पुढें खोडव्याचे कोंब फुटतात. लेखकानेंहि असेंच करावें. लेख हव्या त्या स्थळावर जावा. मूळ प्रत आपल्यापाशीं, युनिकोड लिपींत, दोन वेगळ्या ठिकाणीं असावी. जेथून आपलें सर्व लेखन एकत्र उतरवून घेतां येत नाहीं, तेथें फुकट मिळालें तरी बिऱ्हाड करूं नये.

आम्हीं त्या मुलीला सांगितलें तें इतकेंच : "पैसे नसतील तर फुकट जागेंत आजच आरंभ कर, जागेचा शोध हें न लिहिण्याचें निमित्त होऊं देऊं नकोस. जमेल तेव्हां नांव मात्र स्वतःचें घे." तिनें क्षणभर विचार करून विचारलें, "आणि त्या मुलांचीं नांवें लिहूं का?"

आम्ही जागेचा विचार करीत बसलों होतों. तिनें खरा प्रश्न पुढें ठेविला. ज्या मुलांचें बिऱ्हाड दर हंगामाला हलतें, ज्यांना स्वतःचा पत्ता नाहीं, त्यांच्या आयुष्यावर आपण आपलें घर बांधणार. त्यांना उद्यां तें लेखन नकोसें झालें तर काढतां आलें पाहिजे. म्हणून घर आपल्या ताब्यांत हवें, तें केवळ आपले शब्द टिकावेत यासाठीं नव्हे, प्रसंगीं ते मागें घेतां यावेत यासाठींहि. एकदां पसरलेला शब्द सर्वस्वीं परत येत नाहीं, हें खरें. म्हणून नांवें न लिहिणें हेंच बरें, आणि बाकीचें लिहिलेलें त्या मुलांच्या आईबापांना आधीं वाचून दाखवावें, असें आमचें व तिचें एकमत झालें.

ती अजून जागा ठरवीत आहे. परंतु पहिला लेख वहींत लिहून झाला आहे, आणि रविवारीं ती तो घेऊन तोडणी कामगारांच्या खोपटांकडे जाणार आहे.