रूपपालट आणि सचोटी

वारा येईल तशी पाठ फिरविणारा मनुष्य आपल्या आदरास सहसा पात्र होत नाही. उलटपक्षी, जो कोठेही गेला तरी तसूभर बदलत नाही त्यास आपण बाणेदार म्हणतो. सचोटी म्हणजे न बदलणे, हे समीकरण आपल्या मनात इतके दृढ आहे की त्याची परीक्षा करण्याची आवश्यकता कोणास क्वचितच वाटते. ती परीक्षा करण्याचा प्रसंग आमच्यावर आणला तो एका अतिक्षुद्र जीवाने.

मनुष्याच्या आतड्यात वसति करणाऱ्या असंख्य जंतूंत 'बॅक्टेरॉइडिस फ्रॅजिलिस' नावाचा एक जंतु आहे. त्याच्या अंगावर शर्करांच्या साखळ्यांचे वेष्टन असते. क्रिनॉस, कॉमस्टॉक प्रभृति संशोधकांनी २००१ साली असे दाखविले की, या जंतूपाशी अशी निदान आठ निरनिराळी वेष्टने निर्माण करण्याची सामग्री आहे. त्यांपैकी सातांच्या प्रारंभी जननद्रव्याचा एक लहानसा तुकडा असतो व तो उलटसुलट फिरतो. एका दिशेस असता ते वेष्टन तयार होते. दिशा फिरली की काम थांबते. यामुळे एकाच जंतूच्या संततीत नाना वेषांचे जीव एके ठिकाणी नांदतात.

यावर कोणी म्हणेल की, परिस्थितीप्रमाणे रंग बदलावा हाच सृष्टीचा उपदेश होय. परंतु हा निष्कर्ष घाईचा आहे. हा जंतु संकट पाहून अंगरखा बदलीत नाही. तुकडा उलटतो तो पुढे काय वाढून ठेवले आहे याची दाद न घेता. मग ज्यांचा वेष त्या काळी सोयीचा ठरतो त्यांचा वंश वाढतो. अर्थात् त्यास संधिसाधु म्हणणे जितके चुकीचे, तितकेच चतुर म्हणणेही चुकीचे होय. ज्यास निवड करिता येत नाही, त्याच्यापासून निवडीचे नियम कसे मिळावे?

तथापि विचाराचा एक घोटाळा मात्र हे उदाहरण दूर करिते. तुकडा उलटतो, तो तुटून पडत नाही. वेष्टन बदलले तरी आठांचीही सामग्री आत शाबूत राहते. बदलणे निराळे आणि गमावणे निराळे. खेडुताशी त्याच्या बोलीत बोलणारा पंडित आपली विद्या गमावीत नाही. परंतु वरिष्ठांची मर्जी राखण्यासाठी हाताखालच्या निरपराध कारकुनावरील अन्याय मुकाट्याने पाहणारा अधिकारी, त्याची भाषा व पोशाख जन्मभर एकच राहिला तरी, काहीतरी खास गमावून बसतो.

बरे, न बदलणे हे तरी स्वतःसिद्ध भूषण आहे काय? याच जंतूच्या आठ वेष्टनांपैकी 'ए' नावाचे वेष्टन घ्या. जंतुरहित अवस्थेत वाढविलेल्या उंदरांच्या रोगप्रतिकारक यंत्रणेत जी उणीव राहते, ती भरून काढण्यास हे वेष्टन कारण होते, असे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी दाखविले. पण आतड्यास छिद्र पडून हाच जंतु उदरपोकळीत उतरला, की तेच वेष्टन पुवाच्या गळवास कारण होते. वस्तु तीच, शर्करा तीच. स्थान तेवढे बदलले. जो बाणेदारपणा न्यायसभेत शोभतो, तोच आजाऱ्याच्या उशाशी निष्ठुरपणा ठरतो, हे आपण घरोघर पाहत नाही काय?

तेव्हा रूप बदलले की नाही, हा आमच्या मते मूळ प्रश्नच नव्हे. आत काय शिल्लक राहिले, आणि ज्यांच्यामध्ये आपण राहतो त्यांचे आपल्या या रूपाने काय झाले, हे दोन प्रश्न खरे. जंतूस ते विचारता येत नाहीत, म्हणून त्यास दोषही नाही आणि श्रेयही नाही. मनुष्यास ते विचारता येतात. म्हणूनच त्यास त्यांतून सुटकाही नाही.