उंची खर्च होत नाही

खोपोली आणि भिवपुरीच्या वीजगृहांनी शंभर वर्षांहून अधिक काळ मुंबईला वीज पुरवली. ती वीज पाण्यापासून झाली असे आपण म्हणतो. थोडे थांबून विचार केला तर ती उंचीपासून झाली असे म्हणावे लागते. घाटमाथ्यावरचे तलाव आणि खालचे कोकण यांत सुमारे ५०० मीटरचा फरक आहे. पाणी हा फरक उतरून येते आणि उतरताना चाके फिरवते. खाली आलेले पाणी वाहून जाते, तलावाची पातळी तेवढी घटते. घाटाची उंची मात्र तशीच उरते. १९१५ साली खोपोलीत पहिली वीज तयार झाली तेव्हा सह्याद्रीचा कडा जेवढा उंच होता तेवढाच तो आजही आहे. वीजनिर्मितीत खर्च झाले ते पाणी. या दोन गोष्टी वेगळ्या करून पाहिल्या, तर आज कर्जत तालुक्यात जे प्रकल्प येऊ घातले आहेत त्यांचा अर्थ नीट लागतो.

आधी थोडा इतिहास. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या गिरण्या कोळशाच्या वाफेवर चालत. कोळसा शेकडो कोस दूरच्या पूर्व भारतातल्या खाणींतून यायचा आणि शहरभर धूर व्हायचा. घाटमाथ्यावर कोसळणाऱ्या पावसाची वीज करावी ही कल्पना जमशेटजी टाटांनी मनात धरली होती. १९०४ साली ते गेले. त्यानंतर १९१० मध्ये कंपनी निघाली, १९११ मध्ये लोणावळ्याजवळ वळवणच्या धरणाची पायाभरणी झाली आणि चार वर्षांत खोपोलीचे वीजगृह सुरू झाले. १९२२ मध्ये ठोकरवाडीच्या धरणामागे साठलेले आंध्रा नदीचे पाणी कर्जत तालुक्यात भिवपुरीला उतरवले गेले, १९२७ मध्ये मुळशीचे पाणी भिऱ्याला. आज खोपोलीची क्षमता ७२ मेगावॅट, भिवपुरीची ७५ आणि भिऱ्याची ३००. शाश्वत ऊर्जा हे शब्द रूढ होण्याच्या कितीतरी आधी एका मोठ्या उद्योगाने कोळसा सोडून पाऊस धरला, हे मोठे काम होते. त्याची किंमत बुडालेल्या गावांनी दिली. १९२१ पासून सेनापती बापट आणि मुळशी पेट्यातले शेतकरी जमिनीसाठी लढले आणि हरले, हेही त्याच इतिहासाचे पान आहे. पहिले पान वाचायचे आणि दुसरे उलटून टाकायचे, असे करता येणार नाही.

आता उंचीचा हिशेब. एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर पाणी ५०० मीटर खाली आणले तर गळती आणि घर्षण वजा जाता साधारण सव्वा युनिट वीज मिळते. एक हजार मेगावॅटचे वीजगृह संध्याकाळी सहा तास पूर्ण ताकदीने चालवायचे तर ६० लाख युनिट हवेत. त्यासाठी सुमारे ५० लाख घनमीटर पाणी लागेल, म्हणजे ०.१८ टीएमसीच्या आसपास. हेच वीजगृह सपाट मुलखात, ५० मीटर उंचीच्या धरणाखाली बांधले असते तर दहापट पाणी लागले असते आणि त्या प्रमाणात जमीन बुडाली असती. कर्जत-खालापूरचा कडा अभियंत्यांना का मोलाचा वाटतो ते या एका गुणाकारात आहे. उंची जितकी जास्त, तितके पाणी कमी.

पाणी इतके थोडे लागत असेल, तर ते वाहून जाऊ देण्याऐवजी खाली एका तळ्यात अडवायचे आणि विजेची रेलचेल असेल तेव्हा पुन्हा वर चढवायचे. याला उदंचन जलविद्युत प्रकल्प म्हणतात. तत्त्व इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीचेच आहे: वीज असताना पंप लावून टाकी भरायची आणि गरज पडेल तेव्हा नळ सोडायचा. फरक एवढाच की इथे वर चढवलेले पाणी स्वतःच वीज होऊन परत येते. तेच पाणी रोज वरखाली होते. इथे उंची वापरली जाते आणि पाणी जवळजवळ राखले जाते. शंभर वर्षांपूर्वीच्या रचनेत एकत्र खर्चात धरलेल्या दोन गोष्टी इथे सुट्या होतात.

खोपोलीच्या जुन्या पेल्टन चाकांना हे जमणारे नाही. पेल्टनच्या वाट्यांवर पाण्याची धार आदळते आणि चाक एकाच दिशेने फिरते. त्याला उलटे फिरवून पंप करता येत नाही. उदंचनासाठी फ्रान्सिस जातीचे उलटसुलट चालणारे यंत्र लागते. ते खालच्या तळ्याच्या पातळीच्याही बरेच खाली बसवावे लागते, नाहीतर पाणी ओढताना दाब कमी पडतो, बुडबुडे होतात आणि फुटताना पात्यांचे पोलाद कुरतडतात. म्हणून अशी वीजगृहे बहुधा डोंगराच्या पोटात खोदलेली असतात. महाराष्ट्राला हे नवे नाही. भिऱ्याला १९९० च्या दशकात १५० मेगावॅटचा असा संच बसला. घाटघरचा २५० मेगावॅटचा प्रकल्प २००८ मध्ये सुरू झाला.

पण वर चढवायला लागणारी वीज कुठली? शंभर युनिट खर्चून पाणी चढवले तर उतरताना पंचाहत्तर ते ऐंशी मिळतात. वीस-पंचवीस युनिट गेलेच. भिरा आणि घाटघर आखले गेले तेव्हा ही वीज रात्रीची होती. कोळशाची औष्णिक केंद्रे रात्री मागणी घटली तरी बंद करता येत नाहीत, त्यांची शिल्लक वीज पंपांना द्यायची. त्या व्यवस्थेत साठवलेल्या विजेमागे कोळसा अधिकच जळत होता. सोय होती, स्वच्छता नव्हती. आता दिवस उलटला आहे. सौर वीज दुपारी भरपूर होते आणि दिवेलागणीला, मागणी शिगेला पोहोचते नेमकी तेव्हा, संपते. दुपारी चढवा, संध्याकाळी उतरवा. यंत्र तेच, फक्त घड्याळ बदलले, आणि त्याने प्रकल्पाचा सगळा नैतिक हिशेब बदलला. खोपोली-साजगाव पट्ट्यातल्या पोलादाच्या, पत्र्याच्या, नळ्यांच्या कारखान्यांना याचा अर्थ लगेच कळेल. भट्टी सूर्याबरोबर विझवता येत नाही. विजेवर भंगार वितळवून केलेले पोलाद कोळशाच्या भट्टीतल्या पोलादापेक्षा स्वच्छ ठरायचे, तर रात्री नऊची वीजही स्वच्छ असावी लागते. ती तशी आहे की नाही, हे दुपारी पंप कशावर चालले यावरूनच ठरेल. म्हणून अशा प्रत्येक प्रकल्पाने पंपाची वीज कोणत्या तासाला आणि कुठून घेतली, याची नोंद लोकांसमोर ठेवावी असे मला ठामपणे वाटते.

२०२३ मध्ये टोरेंट पॉवरने राज्य सरकारशी केलेल्या करारात कर्जतच्या ३,००० मेगावॅटच्या उदंचन प्रकल्पाचा समावेश होता. त्याच वर्षी टाटा पॉवरने भिवपुरीच्या १,००० मेगावॅटसाठी करार केला. टाटांच्या तिन्ही जुन्या वीजगृहांची मिळून क्षमता ४४७ मेगावॅट. त्याच्या जवळजवळ नऊपट आता एका तालुक्यात बेतले जात आहे.

इथे पाण्याकडे परत यावे लागते, कारण खाली आलेले पाणी वाया गेले असे मानणे ही घाटमाथ्यावरून केलेली गणना झाली. भिवपुरीचे अवजल, म्हणजे वीजगृहातून बाहेर पडलेले पाणी, राजनाला कालव्यात जाते. कर्जत तालुक्यातल्या शेतकऱ्याला दुबार पीक मिळते, मार्च-एप्रिलमध्ये उन्हाळी भात हिरवा दिसतो, तो या अवजलावर. पुढे तेच पाणी उल्हास नदीत उतरते आणि बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याणपर्यंतची तहान भागवते. खोपोलीचे अवजल पाताळगंगेत जाते. रसायनी आणि पाताळगंगा औद्योगिक क्षेत्रातले कारखाने त्याच नदीकाठी वाढले. तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या कर्जत-खालापूर तालुक्यांत पावसाळा सरला की नद्या लवकर आटतात आणि डोंगरावरच्या ठाकूर-कातकरी वाड्यांत एप्रिलपासून टँकरची वाट पाहिली जाते. अशा प्रदेशात उन्हाळ्यातली वाहती नदी ही बरीचशी वीजगृहाची देणगी आहे. वर घाटापलीकडे दुसरी मागणी उभी आहे: हे पाणी मुळात भीमेच्या खोऱ्यातले, ते पश्चिमेला वळवू नका, पूर्वेकडच्या दुष्काळी भागाला द्या. दोन्ही बाजूंना खरी गरज आहे.

उदंचनाने या भांडणातून एक वाट निघू शकते. विजेसाठी पाणी खाली सोडत राहण्याची गरज जसजशी कमी होईल, तसतसा वरचे पाणी कुणाला द्यायचे हा निर्णय विजेपासून वेगळा करता येईल. पण हीच वाट कर्जतच्या शेतकऱ्याला धोक्याची आहे. संध्याकाळी खाली आलेले पाणी दुसऱ्या दुपारी पुन्हा वर गेले, तर राजनाल्याच्या आवर्तनाचे काय? आजवर वीज आणि सिंचन एकाच धारेत बांधलेले होते, वीज हवी म्हणून शेतीला आपोआप पाणी मिळत गेले. ते आपोआप मिळणे संपले की ते हक्काने मागावे लागेल, आणि हक्क कागदावर असावा लागतो.

खडकाचाही विचार हवा. सह्याद्रीचा काळा पाषाण एकसंध नाही. लाव्हाचे थर एकावर एक बसले आहेत आणि मधे मधे तांबड्या मातकट खडकाचे कच्चे पट्टे आहेत. बोगदे आणि भूमिगत दालने खोदताना हे पट्टे पाणी झिरपवतात, छत ढिले करतात. वरच्या उतारावरची माती तर अतिवृष्टीत निसटतेच. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली, ती पावसातच. अशा उतारांवर प्रकल्पाचे रस्ते काढताना डोंगर किती तोडला आणि त्याची माती कुठे टाकली, हे वीजगृहाच्या क्षमतेइतकेच महत्त्वाचे ठरते.

या सगळ्यात अभियंत्यांच्या हातात असलेल्या दोन गोष्टी आजच ठरवता येतात. एक, नव्या तळ्यांची पहिली भरती आणि दरवर्षी बाष्पीभवनाने उडून जाणाऱ्या पाण्याची भर फक्त जुलै-ऑगस्टमध्ये, उल्हासला पूर असताना घ्यायची. इतर महिन्यांत नदीतून थेंबही उचलायचा नाही. दोन, डिसेंबर ते मे राजनाल्याला आणि उल्हासला किमान किती पाणी सोडायचे, हा आकडा प्रकल्पाच्या परवान्यातच घालायचा आणि त्याचे रोजचे मोजमाप भिवपुरीच्या फाटकापाशी कुणालाही वाचता येईल असे लावायचे.