वीज गेल्यावर कुलपाचा धर्म

सुरतेतील नवागाम, डिंडोली, लिंबायत आणि उधना या वस्त्यांत जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतून यंत्रमागाच्या व कापडाच्या कामासाठी आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात, आणि घरातील माणसे निरनिराळ्या पाळ्यांत कामावर जाऊ लागली की एकाच किल्लीवर घर चालवणे अवघड होते. आकडे दाबून किंवा बोट टेकवून उघडणारे विजेचे कुलूप अशा घराला सोयीचे वाटावे, यात नवल नाही. मात्र त्याच्या तारा जोडताना एक प्रश्न निकालात काढावा लागतो, जो दिसायला वायरमनचा असला तरी मुळात धर्मविचाराचा आहे: वीज गेल्यावर दाराने उघडे राहावे की बंद?

चुंबकी कुलूप प्रवाह चालू असेतोवरच दार धरून ठेवते आणि वीज जाताच ते सोडून देते. विजेच्या खटक्याच्या काही प्रकारांत याच्या नेमके उलट, प्रवाह मिळाल्यावरच दार सुटते. मोटारीचे कुलूप या दोहोंपेक्षा वेगळे आहे. त्यात, बहुधा १२ व्होल्टवर चालणारी, लहानशी मोटार दातेरी चक्रांच्या साह्याने पोलादी दांडा पुढे-मागे सरकवते. प्रवाहाची दिशा उलटली की ती उलट फिरते, आणि ही उलटापालट रिले, म्हणजे अल्प प्रवाहाने दुसरे मंडल जोडणारे वा तोडणारे स्विच, घडवून आणतात. दांडा टोकाला पोहोचल्याची वर्दी लिमिट स्विच देतो आणि नियंत्रक मोटार थांबवतो. मध्येच वीज गेली तर दांडा सहसा असेल तेथेच राहतो. आज्ञा देणारा निघून गेलेला असतो, आज्ञा देणारे यंत्रही निपचित असते, तरी शेवटच्या आज्ञेचा अंमल चालूच राहतो.

कर्म संपल्यानंतर त्याचे फळ कशाच्या आधाराने टिकते, या प्रश्नाला पूर्वमीमांसेने ‘अपूर्व’ या कल्पनेने उत्तर दिले आहे: यज्ञ आटोपतो, फळ पुष्कळ काळाने मिळते, आणि दरम्यान कर्माची अदृश्य शक्ती शिल्लक असते. कुलपाच्या दांड्यात अदृश्य असे काही नाही, पण जबाबदारीचा धागा तसाच लांबतो. न्यायदर्शनाच्या भाषेत कुलूप हे करण, म्हणजे साधन आहे, कर्ता नव्हे. मध्यरात्री बंद राहिलेले दार यंत्राने बंद ठेवले, असे म्हणता येत नाही, कारण ते तसे राहावे हा निर्णय जोडणीच्या दिवशीच कोणीतरी घेतलेला असतो, आणि तो न विचारता घेतला गेला असेल तर त्याचा भार हलका होण्याऐवजी वाढतो.

कुलूप असावे की नसावे हा निर्णयही असाच धर्मविचाराचा असतो, याचा सर्वांत बोलका दाखला अहिल्यानगर जिल्ह्यातील शनिशिंगणापूरचा आहे. शनिदेव राखण करतो, या श्रद्धेने तेथील घरांना परंपरेने दारे व कुलपे नसत. जानेवारी २०११ मध्ये युको बँकेने तेथे ‘कुलपाविना’ शाखा उघडली, पण तिच्या काचेच्या दाराला सहज नजरेस न येणारे, दूरनियंत्रित चुंबकी कुलूप असल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. याला दांभिकपणा म्हणणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. अस्तेय, म्हणजे दुसऱ्याचे न घेणे, हे व्रत ज्याचे त्याने पाळायचे असते. स्वतःचे घर उघडे ठेवणारा स्वतःचीच वस्तू पणाला लावतो. बँकेकडे असते ती लोकांनी सोपवलेली ठेव, आणि मनुस्मृतीने निक्षेप, म्हणजे ठेव, हा व्यवहाराच्या, म्हणजे न्यायनिवाड्याच्या, अठरा पदांपैकी एक मानला आहे. दुसऱ्याच्या ठेवीवर आपल्या श्रद्धेची परीक्षा घेण्याचा अधिकार कोणालाही नाही. आक्षेप घ्यायचाच तर कुलूप लपवण्याला घेता येईल, असण्याला नाही.

परंतु ठेव राखण्याचा हा युक्तिवाद घराच्या आतल्या बाजूस लागू पडत नाही, कारण तेथे वस्तू नव्हे, माणसे असतात. सुरतेच्या सरथाणा भागात २४ मे २०१९ रोजी तक्षशिला इमारतीला लागलेल्या आगीत २२ जण मृत्युमुखी पडले, त्यांत बहुतेक विद्यार्थी होते. तेथे दोष विजेच्या कुलपाचा नव्हता, तरी बाहेर पडण्याची वाट नसणे म्हणजे काय, हे त्या शहराला वेगळे सांगावे लागत नाही. आत येणाऱ्याने अनुमती मागावी हे रास्त आहे. बाहेर पडणाऱ्याला ती मागावी लागणे हा अधर्म आहे, मग अनुमती देणारा घरमालक असो वा नियंत्रक पेटी.

हे तत्त्व तारांतही उतरवता येते. चुंबकी कुलपाला बाहेर पडण्याचे बटण केवळ नियंत्रकाला विनंती करणारे नसावे, तर कुलपाचा प्रवाह थेट तोडणारे असावे, कारण नियंत्रक बिघडला की विनंती ऐकणारे कोणी उरत नाही. मोटारीच्या कुलपाला तेवढे पुरत नाही. प्रवाह तोडला तरी दांडा हलत नाही, म्हणून आतून हाताने फिरणारी मूठ दांड्याला यांत्रिकपणे जोडलेलीच हवी. बॅटरी जोडल्याने प्रश्न सुटतो असे विक्रेते सांगतात, पण बॅटरी केवळ वेळ वाढवते.

भाड्याच्या खोल्यांत गुंता अधिक असतो, कारण जोडणी मालक ठरवतो आणि कुलपाआड भाडेकरू झोपतो. असे कुलूप बसवून घेणाऱ्याने पैसे चुकते करण्यापूर्वी, भरदिवसा, मुख्य स्विच बंद करून आणि बॅटरी काढून घरातील प्रत्येकाला, म्हाताऱ्या माणसांना आणि मुलांनाही, दार आतून एकदा उघडायला लावावे. ज्याला ते जमणार नाही, त्याच्यासाठी कुलूप बदलावे.