सेवेला मुक्काम हवा

जोतिबाच्या खेट्यांमागे एक कथा सांगितली जाते. जोतिबा म्हणजेच केदारनाथ हिमालयातून दक्षिणेत आला, रत्नासुर आणि रक्तभोजासुर यांचा त्याने संहार केला आणि काम फत्ते झाल्यावर तो परत निघाला. तेव्हा करवीरनिवासिनी अंबाबाई कोल्हापुरातून अनवाणी चालत डोंगरावर आली आणि तिने त्याला राहण्याची गळ घातली. देव वाडी रत्नागिरीवर राहिला. माघात सुरू होणाऱ्या रविवारच्या खेट्यांना माणसे आजही वडणगे, निगवे, कुशिरे, गायमुख अशी वाट चालत डोंगर चढतात, ती त्या विनवणीची आठवण ठेवून. असुर मारणे हा उपकार होता, आणि तो करून निघून गेला असता तरी कुणी देवाला बोल लावला नसता. पण दख्खनचा राजा तो झाला, तो राहिला म्हणून. सेवा म्हणजे नेमके काय, या प्रश्नावर ही कथा मोठी गोष्ट सांगून जाते. आज पुण्या-मुंबईतले, अमेरिकेतल्या मराठी घरांतलेही तरुण सुट्टीत परक्या देशातल्या अनाथालयात जाऊन मुलांना शिकवतात, खेळवतात, जवळ घेतात आणि ठरलेल्या तारखेला परततात. त्यांचा हेतू निर्मळ असतो. तरीही माझे म्हणणे असे आहे की मुलाला माया लावणे हे थोड्या मुदतीत उरकण्याचे काम नाही. ज्याला राहता येत नाही, त्याने दुसरी सेवा निवडावी. तोच त्याचा धर्म.

थोड्या वेळाची सेवा मुळातच हलकी असते, असे मात्र नाही. जोतिबाच्या चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत गायमुखाजवळ अन्नछत्र चालते. तिथे वाढणारा तरुण पंगतीत भात वाढतो, आमटी ओततो, पुढच्या पानाकडे सरकतो. जेवणारा कोण, कुठला, हे त्याला ठाऊक नसते. यात्रेकरू तृप्त होऊन देवळाची वाट धरतो. दोघांची पुन्हा कधी गाठ पडली नाही तरी त्या सेवेत काही अपुरे राहत नाही, कारण भूक त्या पानावरच भागलेली असते. सासनकाठीचेही तसेच. गुलालाने माखलेली ती उंच काठी एकजण पेलतो, चौफेर दोर धरणारे तिचा तोल राखतात, आणि दमलेल्याची जागा दुसरा घेतो. काठीला खांदा कुणाचा, हे कळत नाही. मुलाला कळते. सगळा फरक इथे आहे. ज्या गरजेला माणूस कोण हे महत्त्वाचे नसते, ती पाळीपाळीने भागवता येते. मुलाला मात्र काल होता तोच माणूस आज हवा असतो आणि उद्याही तोच यायला हवा असतो.

हे केवळ भावनेचे बोलणे नाही. जॉन बोल्बी यांनी १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालात आईच्या किंवा आईसारख्या एका कायमच्या माणसाच्या सहवासावर मुलाचे मानसिक आरोग्य कसे अवलंबून असते, हे मांडले. पुढे रुमानियात बुखारेस्टच्या संस्थांमधल्या १३६ मुलांचा दीर्घ अभ्यास झाला. संस्थेतून पालक-कुटुंबात गेलेली मुले संस्थेतच राहिलेल्यांपेक्षा चांगली वाढली, आणि जितक्या लहान वयात घर मिळाले तितका फायदा अधिक झाला. अशा संस्थांतले एक दृश्य पाहुण्यांना भुरळ घालते : दोन वर्षांचे मूल अनोळखी माणसाकडे धावत येते, हात वर करते, उचलून घेतले की गळ्याला मिठी मारते. पाहुण्याला वाटते, किती लवकर जीव लावला! घरात वाढणारे त्या वयाचे मूल बहुधा अनोळखी माणूस पाहून आईच्या पदराआड जाते. कुणालाही बिलगणे हे अनेकदा, आपले म्हणावे असे कुणीच नसल्याचे लक्षण असते. त्या मिठीत पाहुण्याचे मन भरते आणि पुढच्या महिन्यात त्याच्या जागी नवा पाहुणा येतो. या भेटींचा बाजार झाला की काय होते, ते कंबोडियाने पाहिले. तिथे २००५ ते २०१० या काळात अनाथालयांची संख्या सुमारे ७५ टक्क्यांनी वाढली, पण त्यातल्या चारपैकी तीन मुलांचे आई किंवा वडील हयात होते. गरीब आईबापांना शिक्षणाची आशा दाखवून मुले आणली जात, कारण त्यांना पाहायला येणारा परदेशी माणूस पैसे देई. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१९ च्या ठरावात अनाथालय-पर्यटनाच्या या हानीची दखल घेतली.

आपल्या परंपरेत राहण्याचे उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही. जोतीराव फुल्यांचा जन्म ११ एप्रिल १८२७ चा. जोतिबाच्या यात्रेच्या सुमारास मूल झाले म्हणून त्याचे नाव जोती ठेवले, असे चरित्रकार सांगतात. त्या जोतीने १८६३ साली पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. फसवल्या गेलेल्या विधवांनी तिथे येऊन बाळंत व्हावे, मूल ठेवून गेले तरी चालेल, अशी ती सोय होती. एवढ्यावर ते थांबले असते तरी ते मोठेच कार्य होते. पण १८७४ साली तिथे जन्मलेला काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा, यशवंत, जोतीराव आणि सावित्रीबाईंनी दत्तक घेतला, त्याला डॉक्टर केले आणि १८८७ च्या मृत्युपत्रात वारस नेमला. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई रुग्णांना आणत त्या यशवंतच्याच दवाखान्यात, आणि त्या सेवेतच त्यांना मृत्यू आला. दया कुणालाही येते. इस्टेटीच्या कागदावर परक्या मुलाचे नाव लिहिणे म्हणजे आपण गेल्यावरही त्याच्यापाशी राहणे.

यावर पहिला आक्षेप अध्यात्माचा आहे. गीता निष्काम कर्म सांगते, गुंतू नये असे सांगते. मग सेवा करून अलिप्तपणे निघून जाणे हेच श्रेष्ठ नाही का? मला हा गीतेचा उलटा अर्थ वाटतो. सोडायची ती फळाची आस, कर्तव्य सोडायचे नाही. शिवाय गीतेतले सात्त्विक दान देश, काल आणि पात्र पाहून दिले जाते. घेणाऱ्याची गरज न पाहता दिलेले दान देणाऱ्याच्या समाधानापुरतेच उरते. आणि अनुभव, फोटो, मनाचे भरून येणे हे सगळे घेऊन परतणारा निष्काम कसा? दुसरा आक्षेप अधिक जिव्हाळ्याचा आहे : काहीच न मिळण्यापेक्षा महिनाभराचे प्रेम काय वाईट? भाकरीच्या बाबतीत हा हिशेब खरा आहे. मायेच्या बाबतीत नाही, कारण प्रत्येक निरोपातून मूल एक धडा घेते की जवळ आलेला माणूस जातोच. तिसरा आक्षेप असा की अशा प्रवासाने तरुणाचे आयुष्य बदलते. बदलतही असेल, पण एकाच्या संस्कारासाठी दुसऱ्याचे बालपण साधन म्हणून वापरणे कुठल्याच धर्मात बसत नाही.

दोष परदेशी असण्याचा नाही. आयर्लंडच्या एमी कार्मायकल १८९५ मध्ये भारतात आल्या, तमिळ प्रदेशातल्या दोहनावूर इथे देवळांना वाहिल्या जाणाऱ्या मुलींना त्यांनी आसरा दिला आणि १९५१ साली मृत्यू येईपर्यंत एकदाही मायदेशी गेल्या नाहीत. त्यांच्याइतके राहणे सगळ्यांना जमणार नाही, आणि म्हणूनच न राहणाऱ्यांची सेवा कोणती, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. मुलांना रोज सांभाळणाऱ्या ताई-मावश्यांना प्रशिक्षण द्यावे, त्यांचा पगार वेळेवर होईल असे पाहावे, संस्थेचे हिशेब, छत, पाणी, दवाखाना यांकडे लक्ष द्यावे. ही कामे पाळीने करता येतात. त्याहून मोठे काम मूल संस्थेत येण्याआधीचे आहे. २०१५ चा बालन्याय कायदा संस्था हा शेवटचा उपाय मानतो. महाराष्ट्रात सावित्रीबाईंच्याच नावाने चालणारी बालसंगोपन योजना मुलाला घरात ठेवण्यासाठी महिन्याला २,२५० रुपये देते. एखाद्या एकट्या आईला तो अर्ज भरून देणे, कागद जमवणे, तालुक्याच्या कार्यालयात तिच्याबरोबर जाणे, रक्कम थकली तर पाठपुरावा करणे, यात ना मिठी मिळते ना फोटो. मुलाला त्याची आई मात्र मिळते. परदेशच्या तिकिटाचे पैसे जमवणाऱ्या तरुणाने ते तिकीट काढण्याआधी स्वतःला एवढेच विचारावे : मी निघून गेल्यावर त्या मुलापाशी कोण राहणार आहे? जो राहणार आहे त्याचे हात बळकट करणे, ही न राहणाऱ्याची खरी सेवा.